समोर उभी, तरी गैरहजर

"पेपर असला की पोरगी गायब. आज मी तिला घेऊन चाललो." चाकूरच्या शिवाअप्पांनी मोबाईल टेबलावर ठेवला. स्क्रीनवर मागच्या पेपरची लाल नोंद : भाग्यश्री, गैरहजर.

लातूरच्या या क्लासेसचं हजेरीचं अ‍ॅप माझं. म्हणजे कौतुक झालं की सरांचं, तक्रार आली की माझं. म्हणून सरांनी मला सकाळीच केबिनमध्ये बोलावलं होतं.

"अप्पा, मी सगळे पेपर दिले. मार्क बघा की," दाराशी उभी भाग्यश्री म्हणाली.

सरांनी मार्क काढले. चांगले होते. त्यानं अप्पांचा संशय वाढलाच. "गैरहजर, अन् मार्क? डमी बसवला काय?"

पोरगी रडायच्या बेतात. मीही तिच्याकडे संशयानंच बघत होतो. माझी मुलगी बारावीत आहे, त्यामुळे संशय हा माझा जोडधंदा.

"तुमचं अ‍ॅप खोटं बोलायलंय का मग?" अप्पांनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

मी समजावलं. मुलं मशीनवर अंगठा लावतात, ती नोंद सर्व्हरवर जाते. आमचं अ‍ॅप रोल नंबरप्रमाणे सर्व्हरला विचारतं, हा आला का, ती आली का. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की अ‍ॅप वाट बघणं सोडतं. त्याला टाइमआउट म्हणतात.

"आज पेपर आहे ना? लाव अंगठा," मी म्हणालो.

पेपर म्हणून बाहेर सगळ्या बॅचेसची एकदम रांग. भाग्यश्रीनं अंगठा लावला, मशीन वाजलं. आम्ही सरांच्या कॉम्प्युटरसमोर. नावं हिरवी होत गेली, हळूहळू, मग फारच हळू. शेवटचा रोल नंबर भाग्यश्रीचा. तिचं नाव थोडं थांबलं आणि लाल झालं. अप्पांचा मोबाईल वाजला : गैरहजर.

अप्पांनी मोबाईल बघितला, मग शेजारी उभी पोरगी बघितली. "ही तर हितं हाय."

"सर, सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर काय दाखवू, असं मी अ‍ॅप बनवताना विचारलं होतं," मी म्हणालो.

"मग? जो 'हजर सर' म्हणत नाही तो गैरहजर. आयुष्यभर हजेरी अशीच घेतली."

तोच नियम मी सर्व्हरला लावला होता. गर्दीत सर्व्हर गप्प, आणि गैरहजेरी पोरीच्या नावावर.

"जा बाई, पेपर सुरू होईल," अप्पा म्हणाले. ती पळाली.

आता अ‍ॅप तिसरं उत्तरही देतं : माहिती मिळाली नाही, पुन्हा विचारत आहे. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, एवढाच धडा. हे सांगावं म्हणून मुलीला फोन लावला. तिनं उचलला नाही. कुठं असेल, याचे चार वाईट अंदाज मी फोन ठेवायच्या आत बांधले होते.