कुलूप त्यानंच काढायचं

कॅनॉलच्या गेटाजवळ, रस्त्याच्या कडेला पोतं टाकून मी आणि माझी बायको भाकरी खात होतो. दोघांनी मिळून खाल्लेली ती शेवटची भाकरी. पाणीसंस्थेच्या चेअरमनची जीप येऊन थांबली. त्याचा ऊस वरच्या अंगाला, आमची वस्ती खाली. उसाला कमी पडू नये म्हणून त्यानं आमच्याकडच्या गेटाला कुलूप घातलेलं. आमची प्यायची विहीर त्याच पाण्यावर. ती आटली. म्हणून आम्ही रोज येऊन बसायचो.

चेअरमननं बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं, खळखळून चूळ भरली आणि आमच्या भाकरीवर टाकली.

"घे म्हातारे. पानी पायजे हुतं न्हवं?"

मागची माणसं हसली. हसण्यासाठीच पाळलेली माणसं.

मी काठी घेऊन उठलो. बायकोनं धोतर धरलं.

"बसा खाली. तुमी काठी कवा उचलताय त्येचीच वाट बगतोय त्यो. उचलली की पोलीस त्येचं आन् गुन्हेगार आपुन."

बसलो. दात खात बसलो. वस्तीतली पोरं कुलूप फोडायला निघाली होती, त्यांनाही हिनंच अडवलं होतं. "फोडलं तर उद्या दुसरं लावंल. ज्यानं लावलंय त्यानंच काढाय पायजे. तवर त्येच्या डोळ्याम्होरनं हलायचं न्हाई." शाळेची पायरी चढली नव्हती ती.

त्याच दुपारी तिला ऊन लागलं. दिवस मावळताना गेली.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्या भागात आता रीतच झालीय, पुढारी आल्याशिवाय राखेला पाणी लागत नाही. माणसं उन्हात ताटकळली. चेअरमन आला, परीटघडीचे कपडे घालून. माईक बरोबरच आणलेला. असल्यांना खांदा द्यायला सवड नसते, भाषणाला असते.

"माउली शांत स्वभावाच्या होत्या. अहिंसा काय असते, ते त्यांच्याकडून शिकावं..."

ज्या तोंडातनं चूळ टाकली, त्याच तोंडानं. अहिंसा म्हणजे गरिबानं गप बसणं, असं यांना वाटतं. म्हणून तर आवडते यांना. ती शांत नव्हती. जाळ होती. फक्त हात उगारत नव्हती.

मी उठलो. काठी खाली ठेवली.

"चेअरमन, तिचं नाव घिऊ नगा. कुलूप काढा, न्हाईतर हितनं जावा."

सरपंच कानाशी आला. "आवं तात्या, गप बसा की. मोठी मानसं आल्यात."

"मोठी कुनी केली? आपुनच की."

चेअरमनकडं पाठ करून मी खाली बसलो. माझ्या मेव्हणीनं पाठ केली. वस्तीतल्या चार-पाच बायकांनी केली. बाप्ये पायाची बोटं बघत राहिले. तेवढ्यानंही भाषण अडखळलं. पाठींना काय सांगणार? जीपमध्ये बसून गेला. मग राखेला पाणी आम्हीच घातलं.

तिचं म्हणणं तेव्हा मला कळलं. याचं राज्य कुलपात नाही, आमच्या जोडलेल्या हातांत आहे. हात सोडले की हा कोण? ढेरी सुटलेला एक माणूस.

मेव्हणी म्हणाली, "दाजी, सुतक हाय. धा दिस भाईर पडू नगा."

सकाळी पोतं घेऊन गेटावर गेलो. वॉचमन दात काढून म्हणाला, "म्हातारी गेली न्हवं? आता कशाला बसतोयस?"

"पानी सोडलंस?"

"न्हाई."

"मग सरक."

आम्ही पोतं कडेला टाकायचो. त्या दिवशी मी ते जीपच्या वाटेत मधोमध टाकलं आणि बसलो.