टोपीवाल्याचा मुक्काम

आजवर मी ज्यांच्या हाताखाली राबलो, त्यांत सगळ्यात कडक साहेब निघाला तो वीतभर उंचीचा, कापूस भरलेला एक बाहुला. लाल अंगरखा, लाल टोकदार टोपी, आणि आपली एखादी भानगड कळल्यासारखं चेहऱ्यावर हसू.

तो आमच्या घरी आला दोन हजार सहाच्या थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. आम्ही तेव्हा शॉमबर्गला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो. मी आणि बायको दोघंही नोकरीत बुडालेले, मुलगी पहिलीत, आणि तिला सांभाळायला नागपूरहून माझी आई आलेली. सांभाळायला असं अर्थात तिकीट काढताना म्हटलं नव्हतं. 'अमेरिका बघायला ये' असं म्हटलं होतं. आईने अमेरिका बघितली ती मुख्यतः आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोर पार्किंग, पार्किंगच्या पलीकडे दुसऱ्यांची पार्किंग, आणि दुपारी पोस्टाची गाडी येई तेवढीच काय ती हालचाल. सहा महिन्यांचा मुक्काम जानेवारीत संपत होता.

बाहुला बायकोच्या ऑफिसातल्या एका बाईंनी दिला. बिझी आईबापांसाठी एकदम सोपी गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. हा एल्फ म्हणजे सांताचा माणूस. दिवसभर एका जागी बसून पोरांवर नजर ठेवतो, रात्री नॉर्थ पोलला जाऊन रिपोर्ट देतो आणि सकाळी घरात दुसऱ्याच कुठल्यातरी जागी काहीतरी खोडी करताना सापडतो. आईबापांनी फक्त त्याची जागा बदलायची. चोवीस डिसेंबरला तो सांताबरोबर परत जातो. एकच अट, मुलांनी त्याला हात लावायचा नाही. लावला की जादू गेली.

"दोन मिनिटांचं काम आहे," बायको म्हणाली. "एवढं तरी तुला जमेल."

एवढं तरी. तर ते खातं माझ्याकडे आलं.

हात न लावण्याचा नियम मुलीला समजवायचा होता. मी म्हटलं, "आजीचे देव असतात ना, अंघोळ केल्याशिवाय आपण त्यांना शिवत नाही, तसं याचं." तिला ते लगेच पटलं. मी स्वतःवर फार खूश झालो. मी स्वतःवर खूश झालो की पुढे काय होतं हे बायकोला माहीत आहे, पण ती तेव्हा कॉलवर होती.

पहिले काही दिवस मजेत गेले. एल्फ फ्रिजमध्ये दुधाच्या कॅनला मिठी मारून बसला, तर मुलीने दूध कटकट न करता प्यायलं. बुटांच्या रॅकवर बसला, तर तिने स्वतःचे स्नो-बूट स्वतः चढवले. मला वाटलं, ही गोष्ट आपल्याकडे का नाही निघाली.

मग एका सकाळी मी विसरलो. खाली आलो तर मुलगी बुटांच्या रॅकसमोर उभी, डोळे भरलेले. "बाबा, ही डिडन्ट मूव्ह. काल मी खोटं बोलले ना, दात घासले म्हणून. त्याला कळलं."

"अगं नाही," मी म्हटलं. "काल तिकडे स्नो फार होता. त्याची फ्लाइट कॅन्सल झाली."

आम्ही विमानतळापासून जवळ राहत होतो, तिला ते पटलं. पण फ्लाइट रोज कॅन्सल करता येत नाही. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं की दार बाहेरून लागलंय आणि आत मी आहे. ऑफिसात मॅनेजर स्टेटस विचारायचा आणि मी मनात विचार करत असायचो की याला आता पडद्याच्या दांडीला लटकवावं की मिक्सरच्या भांड्यात बसवावं. मिक्सर नको, आई आधी बटण दाबेल आणि मग झाकण उघडेल.

आईचा त्याच्यावर राग होता. ती त्याला 'टोपीवाला' म्हणायची. एकदा मी ओट्यावर रवा पसरला आणि त्यात त्याला हातपाय फाकवून उताणा झोपवला, अमेरिकन मुलं बर्फात झोपतात तसा. मुलगी टाळ्या पिटत होती आणि आई ओट्याकडे बघत होती.

"भाजून ठेवला होता रे मी तो रवा."

"आई, बर्फ आहे तो."

"मग आज बर्फाचा उपमा खा."

त्यानंतरची कल्पना माझी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागात पडलेली. पोळ्यांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून त्याला झोपवायचं. मुलगी आली की झाकण उघडायचं, की हा साहेब पांघरुणात. सकाळी गडबडीत मी तो डबा ओट्यावर ठेवला, शेजारी माझा ऑफिसचा डबा होता, आणि घाईत त्यातला एक उचलून मी निघालो. दुपारी लंचरूममध्ये क्लायंटकडचे दोघं शेजारी बसलेले असताना मी झाकण काढलं, फडकं बाजूला केलं, तर आत तो हसत होता.

त्यातला एक जण फार सभ्यपणे म्हणाला, "व्हेजिटेरियन?"

मी घरी फोन लावला. मुलगी शाळेतून यायची वेळ होत आली होती. म्हटलं, "आई, टोपीवाला माझ्याकडे आहे. मी येईपर्यंत तिला काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"काहीही."

संध्याकाळी आलो तर मुलगी शांत होती. आजीने सांगितलं होतं, तो जरा बाहेर फिरायला गेलाय. मी कोट काढत असताना आई भाजी परतता परतता म्हणाली, "बरंय त्याचं. त्याला निदान कोणीतरी गाडीत घालून नेतं."

मी हसलो. ती हसत नव्हती हे मला दिसलं, पण तेव्हा मला पोळ्यांच्या डब्यातून त्याला लपवत बाहेर काढायचं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आईने आणखी सहा महिने राहावं असं मी आणि बायकोने आपसात ठरवून टाकलं होतं. मुक्काम वाढवायचा अर्ज करता येतो. आई असली की शाळेनंतरची काळजी नाही, गरम पोळ्या, घरात मराठी. फक्त आईला विचारायचं राहिलं होतं. मी दोन-तीनदा विषय काढला, तर ती म्हणे, तिकडे घर बंद आहे, पाण्याची मोटार बसवायची राहिलीये, भिशीच्या बायका वाट बघतायत. मला ही कारणं किरकोळ वाटली. म्हणून मी माझं हुकमी शस्त्र काढलं. आईची मोठी सूटकेस तिने कपाटातून बाहेर काढून ठेवली होती. मी एल्फला त्या सूटकेसवर मांडी घालून बसवला आणि आईच्याच साडीच्या फॉलची पट्टी त्याच्या कमरेभोवती आणि सूटकेसच्या मुठीभोवती बांधली. सत्याग्रहाला बसल्यासारखा.

मुलीने त्याच्या कमरेची पट्टी नीट बघितली. मग म्हणाली, "आजी, तू जाऊ नये असं त्याला वाटतं."

"त्याला वाटतं की तुझ्या बापाला?" आई म्हणाली. पण तो मराठीतला टोमणा समजण्याचं वय मुलीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी उठून खाली आलो, टोपीवाल्याला हलवावं म्हणून, तर सूटकेसवर तो नाहीच. स्वयंपाकघरात फळीवर आईचे देव होते, छोटा पितळी गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. त्यांच्या शेजारी दुधाचं पातेलं. पातेल्यात पाणी, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला एल्फ. अंगरख्याचा रंग सुटून पाणी बीटरूटच्या सारासारखं झालेलं. शेजारी सांडशी. हात लावायचा नाही हा नियम मुलीने काटेकोर पाळला होता. त्याला सांडशीने उचलून आणला होता, आणि त्याआधी अंघोळही केली होती.

"डोन्ट टच हिम," ती मागून म्हणाली. "तो पाण्यात आहे. आजी नाही जाणार असं होईपर्यंत."

मी आईकडे बघितलं. आई ओट्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की ही विद्या कुठून आली. आदल्या रात्री मुलीला झोपवताना आईने तिला सांगितलं होतं, तुझा बाबा अमेरिकेच्या व्हिसाला गेला होता तेव्हा मी गणपती पाण्यात ठेवला होता, शिक्का मिळेपर्यंत बाहेर काढला नाही. आणि शिक्का मिळाला. पुराव्यादाखल मी समोर उभा होतोच.

आता माझा प्रामाणिकपणा बघा. मला आधी काय वाटलं, तर आनंद. देव पाण्यातून हलवत नाहीत, म्हणजे टोपीवाल्याची जागा बदलायची नाही, म्हणजे मला सुट्टी. दुसरं वाटलं की काम झालं. आई मला नाही म्हणेल, नातीला कशी म्हणेल. मी जेवताना म्हटलंसुद्धा, "आई, आता तर एल्फच पाण्यात बसला. आता काय करणार?"

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आई जेवत राहिली.

दुपारी मुलगी शेजारी खेळायला गेली. मी म्हटलं, "आई, बाहुलाच आहे. काढून टाक, सुकव."

"बाहुला असेल. तिने मागितलंय ते खरं आहे ना?" ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "असं मधेच काढत नाहीत."

"मग राहा ना."

"मला जायचंय रे." ती हळूच म्हणाली. "इथे दार उघडलं तर कुठे जायचं, सांग मला. कोपऱ्यावर दुकान नाही, रस्त्यात माणूस नाही. तुमच्या गाड्या गेल्या की मी संध्याकाळपर्यंत या घरात. तुला नाही म्हणायला मला काही वाटत नाही, लहानपणापासून म्हणत आलेय. पण तिला कसं म्हणू? आज सकाळी उठून ती आधी त्या पातेल्याशी गेली. तू मला बांधून घातलंस."

  

असे काही दिवस गेले. टोपीवाला पाण्यात, आई घरात, आणि मी त्या दोघांच्या मधे कॉफी करायला येऊन जाऊन. मुलगी रोज पाणी बदलायची. आई सूटकेसला हात लावत नव्हती.

चोवीस तारखेला सकाळी ऑफिसला सुट्टी होती. मुलगी फळीसमोर स्टूल ओढून बसली होती. बाहुल्याच्या टोपीचं टोक आता खाली लोंबत होतं.

"आजी, तो आज घरी जातो ना? सांताबरोबर."

"जातो, एरवी."

"पण तो पाण्यात आहे."

"हो."

"मग तो नाही जाऊ शकणार."

"नाही. तू बाहेर काढेपर्यंत नाही."

मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता काहीतरी गोष्ट रचून मधे पडावं, सांता वाट बघेल, फ्लाइट उशिरा सुटेल, असं काहीतरी. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

"त्याला जायचं असेल?" मुलीने विचारलं.

"असेल की. त्याचं घर आहे तिकडे."

"तुला पण जायचंय?"

आईने हात पदराला पुसले. ते कोरडेच होते.

"हो," ती म्हणाली. "मला जायचंय."

"बट यू लाइक मी."

"खूप. तरी जायचंय."

मुलगी स्टुलावरून उतरली आणि वर तिच्या खोलीत गेली. दार जोरात लागलं. आई तिथेच उभी राहिली. मी पुढे झालो तर म्हणाली, "थांब. रडू दे तिला. तिला जे हवं होतं ते मिळणार नाहीये, रडणार नाही तर काय करेल."

दुपारी आम्ही तिघं जेवलो. मुलगी आली नाही. तिचं ताट आईने झाकून ठेवलं. मी ट्रॅव्हल एजंटला फोन लावला, आणि पलीकडचं वाद्यसंगीत ऐकत होल्डवर उभा होतो, तेव्हा ती खाली आली. नाक लाल. सांडशी घेतली, स्टुलावर चढली आणि त्याला बाहेर काढला. तो भिजून दुप्पट जड झाला होता, सांडशीतून निसटून जमिनीवर पडला. मुलीने आजीकडे बघितलं.

"उचल हाताने," आई म्हणाली. "काही होत नाही."

तिने उचलला. आईने बेसिनवर त्याला पिळला, अगदी ब्लाउज पिळतात तसा. मग बायकोचा हेअर ड्रायर आणला. दोघी जमिनीवर बसल्या, एकीने धरला, दुसरीने वारा दिला.

"उन्हाळ्यात येशील?" ड्रायरच्या आवाजावरून मुलीने ओरडून विचारलं.

"तू ये उन्हाळ्यात. माझ्याकडे."

"आणि बाबा?"

"त्याला यायचं तर येऊ दे."

फोनवर एजंट आला. जानेवारीचं तिकीट आहे ते तसंच ठेवायचं की तारीख पुढे ढकलायची, त्याने विचारलं. ढकलायची असेल तर आत्ताच सांगा, सीट्स भरतायत. जमिनीवरच्या दोघी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यामध्ये तो, अंगावरचा रंग उडून गुलाबी झालेला.

"तसंच ठेवा," मी म्हटलं. "खिडकीजवळची सीट असेल तर बघा."