कमाय-खाय गेलेली माणसं

घरोघरी जाऊन कुटुंबांची गणती करायचं काम आम्हा शिक्षकांना लागलं, तेव्हा माझ्या वाट्याला माझीच गल्ली आली. गोंदियातली आमची छत्तीसगढी वस्ती. आजोबांच्या पिढीत राईस मिलच्या कामासाठी ही माणसं इकडे आली. पुरुष पोती वाहायचे, बाया उकडलेलं धान मिलच्या अंगणात पायांनी फिरवून वाळवायच्या. माझी दाई, म्हणजे आई, जन्मभर तेच करत आली. तिच्या मजुरीवर आणि शेजारच्या काकीनं हक्कानं वाढलेल्या भातावर मी बी.ए., बी.एड. झालो. गल्लीतला पहिलाच. हे उपकार मी विसरलो नाही, असं मला वाटायचं. लग्नानंतर मात्र रुळांपलीकडच्या कॉलनीत राहायला गेलो.

आता मिलमध्ये यंत्रं आली आहेत. तरुण पोरं हैदराबाद-पुण्याला बांधकामावर असतात. गल्लीत कुलपं आणि म्हाताऱ्या बाया उरल्या आहेत.

सुरुवात काकीपासून केली. मला पाहताच ती ओरडली, "आगे साहेब! दूसर के घर गिनत हे, अपन घर के ठिकाना नइये!"

दुसऱ्यांची घरं मोजतो आणि स्वतःच्या घराचा ठिकाणा नाही, हा तिचा टोमणा मी हसण्यावारी नेला आणि विचारलं, घरात किती जण?

"पाँच झन."

दिसत होती ती एकटीच. मुलगा, सून आणि दोन नातवंडं तीन वर्षांपासून बाहेर. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असणाऱ्यांना इथे धरता येत नाही, हा नियम मी समजावून सांगितला.

"छोड़ के नइ गे हें," ती म्हणाली. "कमाय-खाय बर गे हें."

आमच्यात माणूस घर सोडून गेला असं कोणी म्हणत नाही. कमवायला-खायला गेला म्हणतात. म्हणजे त्याची जागा घरात तशीच आहे. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी मोबाईलमध्ये 'एक' भरलं. काकी आत निघून गेली.

मग आमचं घर. दाईनं सांगितलं, "तीन झन." ती, हैदराबादला असलेला धाकटा भाऊ आणि मी.

"दाई, भावाला तिथं धरतील. आणि माझं नाव मी कॉलनीत भरलं आहे."

"कोन भरिस?"

"मीच."

तिनं माझ्या मोबाईलकडे पाहिलं. मग म्हणाली, "त मैं अकेल्ला?"

माझं बोट मोबाईलवर तसंच थांबलं. खोटं भरायची हिंमत नव्हती आणि खरं भरवत नव्हतं.

तिनंच विचारलं, तुमच्या कागदात घर कशाला म्हणतात? मी पाठ केलेलं सांगितलं, "एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब."

"त काकी ला मोर संग लिख," दाई म्हणाली. "हमन एके चूल्हा मा रांधथन."

दोघींचा स्वयंपाक एकाच चुलीवर होत होता, आणि मला ठाऊक नव्हतं. कधीपासून, तर मागच्या दिवाळीपासून. एकटीसाठी मूठभर तांदूळ शिजवायचा दोघींनाही कंटाळा आला होता. मी दर रविवारी यायचो, चहा घेऊन अंधार पडायच्या आत परतायचो.

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तैं कब पूछे?" म्हणजे, तू विचारलंस कधी?

मी काकीची नोंद रद्द केली आणि तिला आमच्या घरात घेतलं. मोबाईलवर कुटुंबप्रमुखाशी, म्हणजे दाईशी, नातं विचारलं होतं. यादीत बहीण होती, नणंद होती, जाऊ होती. काकी यातली कोणीच नव्हती. मी 'इतर' निवडलं. घरात माणसं दोन.

दाईनं चूल पेटवली आणि काकीला हाक मारली. मला थांब म्हणाली नाही. पुढची घरं बाकी होती. मी चपला घातल्या आणि निघालो.