मागच्या गेटवरचा फोटो

"बाई, एक बार फिर से. धीरे-धीरे. साहब फोटो ले रहे हैं."

मिलमालक भैयाजी माझ्या मायला हे म्हणाले तेव्हा तिच्या पायाशी तांदूळ सांडलेला होता. थोड्या वेळापूर्वी त्यांच्याच मिलच्या मांडवात तिची ओटी भरली होती, तो हा तांदूळ. नारळ आणि खण तिनं माझ्या पिशवीत टाकला होता. तांदूळ पदराच्या गाठीत. मागच्या गेटपाशी आलो, आणि मायनं गाठ सोडली, पदर पसरला, दोन्ही हातांनी झाडला. मग कमरेचा खोचा मोकळा करून तोही झाडला.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट चौकीदारच म्हणाला, "राहू दे ना वो बाई, आज कायची झडती."

पण मायला एवढंच माहीत होतं की मिलचा तांदूळ पदरात घेऊन गेटबाहेर जायचं नसतं. तो भैयाजींच्या सुनेनं सगळ्यांसमोर ओटीत घातला असला तरी.

ही गोष्ट बालाघाटची, महाराष्ट्राच्या सीमेपलीकडची. गावाबाहेर, गोंदिया रोडच्या बाजूला भैयाजींची राइस मिल आहे. माझी माय तिथं मी जन्मायच्या आधीपासून उसन्या तांदळाच्या अंगणात काम करत आलेली. उसना म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, मग सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरायचं. बाया दिवसभर अनवाणी त्या गरम धानातून पाय ओढत चालतात आणि ते वरखाली करतात. धान सगळीकडे शिरतं. केसांत, निऱ्यांत, पोलक्यात. म्हणून पाळी सुटली की मागच्या गेटवर रांग लागते आणि एकेक बाई पदर झाडून, खोचा झाडून बाहेर पडते. पुरुषांनी गमछा झाडायचा. पुढच्या गेटनं भैयाजींची गाडी जाते. तिथं रांग नसते.

लहानपणी आमचा एक खेळ होता. त्याचं नाव गेट-गेट. एकानं चौकीदार व्हायचं, बाकीच्यांनी रांगेत उभं राहून फ्रॉक, चड्ड्या झाडायच्या. प्रत्येकाला चौकीदार व्हायचं असायचं, म्हणून भांडणं व्हायची. आमच्या वॉर्डातल्या कुठल्याही पोराला हा खेळ समजावून सांगावा लागत नव्हता.

मी शिकले. घरातली पहिली. इतिहासात एम. ए. केलं आणि आता एका कॉलेजात अतिथी विद्वान म्हणून शिकवते. मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला असं भारदस्त नाव दिलेलं आहे. भैयाजींनी त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मला दिली होती, हे खरं आहे. ती मी जपून वापरली. मुलानं फारशी उघडलीच नव्हती, त्यामुळे नवीनच होती. त्या पुस्तकांबद्दल मी कृतज्ञ होते. दर दिवाळीला माय मला त्यांच्या पाया पडायला न्यायची आणि मी मनापासून पडायचे.

भैयाजी वाईट माणूस नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. बरोबर आहे. वाईट वागायला समोर माणूस आहे हे आधी दिसावं लागतं.

मिलच्या आवारात त्यांनी एक वाचनालय बांधलं. कामगारांच्या मुलांसाठी. मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं होतं की अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोलादाचा एक राजा होऊन गेला, गरीब घरातला पोर, पुढं अफाट श्रीमंत झाला आणि गावोगाव वाचनालयं बांधली. भैयाजींना ते फार आवडलं. ते स्वतः गरीब घरातले नाहीत. मिल त्यांच्या वडलांची. पण एवढा तपशील त्यांनी सोडून दिला.

त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं.

"बिटिया, तुम तो यही पढ़ाती हो ना, अमेरिका वगैरह. उद्घाटन में दस मिनट बोल दो. ऐसा कि लोगों को प्रेरणा मिले. और लाइब्रेरी भी तुम ही सँभालना. पक्की नौकरी."

पक्की नोकरी. दर वर्षी नाव राहील की जाईल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाला हे दोन शब्द काय असतात, ते मी सांगत बसत नाही. माय रडली. बाबांची पाठ पोती वाहून वाहून गेलेली, ते खाटेवरून म्हणाले, "आता तुह्या मायले घरी बसव."

तर त्या दिवशी मांडव, हार, खुर्च्यांवर पांढरी कापडं. पहिल्या रांगेत एक मोठे अधिकारी, आमच्या कॉलेजचे प्राचार्य, एक पत्रकार. अंगणातल्या जुन्या बायांचा सत्कार. भैयाजींची सून नागपूरची, तिनं ओट्या भरल्या. मायच्या ओटीतला तांदूळ मी जवळून पाहिला. कनकी होती. फुटकी कणी, जी पोत्याच्या तळाला जाते आणि कोंबड्यांना जाते. जिल्ह्यात इतका तांदूळ पिकतो, मिलमध्ये पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, आणि सत्काराला कनकी. सुनेला माहीत नसेल. कुणीतरी नोकराला सांगितलं असेल, ओटीला तांदूळ काढ. नोकराला बरोबर माहीत होतं, कुणाच्या ओटीला कुठला काढायचा.

मग चहापान. त्यानंतर माझं भाषण. माय म्हणाली, "मी जाते वो बाई, तुह्या बाबाले जेवाले द्याचं हाये. माह्या चपला मांगच्या गेटवर हायेत." म्हणून मी तिला सोडायला मागं गेले. भैयाजी तेवढ्यात पाहुण्यांना मिल दाखवत तिकडंच आले होते. हातात चहाचे कप.

आणि त्यांनी मायला पदर झाडताना पाहिलं.

मला वाटलं, त्यांना लाज वाटेल. इतकी वर्षं शिकून मला असं वाटलं.

त्यांचा चेहरा खुलला. अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "देखिए साहब. किसी ने कहा नहीं, फिर भी झटक रही है. अपने ही सत्कार का चावल. इसको संस्कार कहते हैं."

"वाह," अधिकारी म्हणाले. आणि त्यांनी फोन काढला.

तेव्हा ते वाक्य आलं. बाई, एक बार फिर से.

माय खाली बसली. सांडलेली कनकी ती दोन्ही हातांनी गोळा करू लागली, मातीसकट, आणि परत पदरात भरू लागली. पुन्हा झाडायला पदरात काहीतरी हवं ना. फोटोत दिसायला हवं ना. प्राचार्य हसत होते. पत्रकार बाजूला सरकला, उजेड नीट यावा म्हणून.

मी तिचं मनगट धरलं.

"माय, नाही."

"होऊ दे ना वो. काय जाते आपलं? लोकं पाहून राह्यले."

"उठ."

ती उठली नाही, तेव्हा मी तिला उठवलं. पदर कमरेला घट्ट खोचला. कनकी पुन्हा मातीत पडली. मी भैयाजींकडे पाहून हिंदीत म्हणाले, "फोटो नहीं होगा."

"अरे बिटिया, तुम्हारी माँ की इज़्ज़त बढ़ा रहे हैं."

"तो पहले आप झटकिए. आप भी इसी मिल से निकलकर घर जाते हैं. इसके पल्लू में तो कनकी थी. आपकी जेब में क्या है?"

चौकीदार जमिनीकडे पाहू लागला. प्राचार्य हळूच म्हणाले, "मैडम, भावना में मत बहिए."

भैयाजी मात्र हसले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. राग माणसावर येतो. ते पाहुण्यांना म्हणाले, "पढ़ी-लिखी है, थोड़ा गुस्सा तो करेगी. चलो, भाषण का टाइम हो गया."

मी भाषण केलं. दस मिनट. लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहू दिला आणि वर्गात शिकवते ते सांगितलं. रेल्वेचे रूळ कसे पसरले. शेतं सोडून आणि समुद्र ओलांडून माणसं कारखान्यांत कशी आली. एकेका खोलीत किती जण झोपले. कंपनीचं घर, कंपनीचं दुकान, कंपनीचाच शब्द. लहान पोरं सूतगिरण्यांत. पोलादाच्या भट्ट्यांवर बारा बारा तासांच्या पाळ्या. आणि तो पोलादाचा राजा, ज्याची वाचनालयं तुम्हाला आवडली, त्याच्या नदीकाठच्या कारखान्यात कामगारांनी मजुरीची कपात नाकारली तेव्हा कंपनीनं भाड्याचे बंदूकवाले बोटींतून आणले. माणसं मेली. संघटना मोडली. आणि वाचनालयं बांधणं चालूच राहिलं. बारा तास भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे पुस्तकावर उघडे राहतील कसे, हे कुणी बांधणाऱ्याला विचारलं नाही. आठ तासांच्या दिवसासाठी लोक रस्त्यावर आले. तो आठ तासांचा दिवस या अंगणात अजून पोचलेला नाही.

हे सगळं मी त्यांच्याच माइकवर, त्यांच्याच मांडवात, एकेकाच्या डोळ्यांत पाहून बोलले. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी. अधिकाऱ्यांनी समोसा बशीत ठेवून वाजवल्या. भैयाजींनी माइक घेतला आणि म्हणाले, "बहुत बढ़िया. अमेरिका का इतिहास सुनना हो तो हमारी बिटिया से सुनो."

त्या दिवशी मला या लोकांची खरी ओळख पटली. यांच्यापुढे कितीही खरं बोला, ते कार्यक्रमाचा भाग होतं. दूरच्या देशाची गोष्ट यांना कितीही ऐकवा. मेलेले कामगार यांना चालतात. जिवंत बाई गेटवर सरळ उभी राहिली तर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी मी मागच्या गेटबाहेर जाऊन उभी राहिले. मायला काही सांगितलं नव्हतं. रांग सरकत होती. पदर सुटत होते, झाडले जात होते. मायचा नंबर आला. तिनं मला पाहिलं. हात सवयीनं पदराकडे गेला. थांबला. मग तिनं तो पदर आणखी आत खोचला आणि चालू लागली.

"बाई," चौकीदार म्हणाला, "काहून असं करतेस? माही नोकरी जाईल ना."

माय म्हणाली, "मंग तूच झाड तुहा शर्ट."

मागं रांगेतली एक बाई फसकन हसली. मला आयुष्यात कुठल्या टाळ्या मिळाल्या असतील तर त्या तेवढ्याच.

उद्यापासून येऊ नको, असा मायला निरोप आला. नंतर मलाही निरोप आला. भैयाजी बोलावतायत. वाचनालयाची किल्ली ठेवलीय. माय परत कामावर येऊ शकते. फक्त बंगल्यावर येऊन पाया पडायचं, दिवाळीला पडतो तसं, एवढंच. प्राचार्यांनीही समजावलं की पुढच्या वर्षीचा विचार करा.

मी गेले नाही. किल्ली तिथंच आहे. वाचनालयाला कुलूप आहे. आत पुस्तकं आहेत, बाहेर कोनशिला आहे, कोनशिलेवर भैयाजींचं नाव आहे. त्यांचं काम झालेलं आहे.

माय घरी बसली, पण बाबा म्हणाले होते तशी नाही. ती चिडते. म्हणते, "तुह्या भाषणानं काय झालं? माहं काम गेलं." ती खरं बोलते. मग संध्याकाळी भोंगा वाजतो आणि ती विचारते, "आज जातेस ना गेटवर?"

मी जाते. कॉलेज सुटलं की रोज. रांगेतल्या काही बाया आता पदर खोचून निघतात. बऱ्याच अजून झाडतात. त्यांना मी काही म्हणत नाही. चूल त्यांची आहे. जी खोचून निघते तिच्या शेजारून मी चालते, रस्त्यापर्यंत. चौकीदार आता हात पुढं करत नाही, नुसता बघतो. मुनीम येऊन माझं नाव विचारून गेला. मी सांगितलं. वडलांचं, वॉर्डाचं, सगळं सांगितलं.

त्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा मी भैयाजींच्या पुढच्या गेटवर ठेवून आले. उपकार फिटला की नाही ते त्यांनी ठरवावं. मला ते ठरवायचं नाही. दिवाळीला आम्ही जाणार नाही.

झडती घ्यायचीच असेल तर पुढच्या गेटपासून घ्या. पहिला खिसा भैयाजींचा. तो सगळ्यांसमोर उलटा झाला की मग मागं या. तोवर माझ्या मायचा पदर खोचलेला राहील, आणि मी त्या गेटवरून हलणार नाही.