उन्हाच्या डोंगरावरचे चाचा

मोठ्या पातेल्याचं झाकण उचलायचं, आत डोकवायचं आणि मग सगळ्या मेसकडे बघून विचारायचं, "कोण ऱ्हायलंय काय?" एवढं झाल्याशिवाय आमचे चाचा स्वतः जेवायला बसत नसत. सौदीत, अल-खोबरच्या बाहेर आमच्या कंपनीचा कॅम्प होता. फिटर, वेल्डर, गवंडी, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले. चाचा त्यांचे आचारी. एखादा उशिराच्या पाळीवरून यायचा असला की हे भिंतीला टेकून त्याची वाट बघत बसायचे, भुकेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपण आधी जेवलो की उगाच चोरट्यासारखं वाटतं.

मी त्याच कंपनीच्या ऑफिसात सेक्रेटरी होतो. म्हणजे टाइपरायटरवर इंग्रजी पत्रं बडवायची आणि शेठचे फोन घ्यायचे. शेठ म्हणजे आमचे कफील, ज्यांच्या नावावर आम्हा सगळ्यांचं तिथलं राहणं होतं. माझी बायको गुहागरकडची आणि चाचा दाभोळचे. हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला 'जावईबापू' करून टाकलं.

"अहो चाचा, मधे अख्खी खाडी आहे," मी म्हणालो.

"खाडीचं काय, होडी हाय. त्या अंगाची पोर म्हंजे आमचीच."

त्यामुळे मेसमध्ये मला उठून पाणी घ्यायलासुद्धा बंदी होती. मी ती बंदी अगदी मनापासून पाळत असे.

इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा मी बायकोला आणि मुलीला भारतात पाठवून दिलं. जानेवारीत, आता युद्ध आज पेटतं की उद्या, अशी वेळ आली तेव्हा शेठनी स्वतःच्या घरच्यांना हलवायचं ठरवलं. दर हिवाळ्यात ते ऑस्ट्रियात जात. एका जुन्या गावाच्या वर डोंगरात बर्फावर घसरण्याचं एक छोटंसं ठिकाण होतं. या खेपेला तिथंच जायचं, लवकर जायचं आणि शांतता होईपर्यंत राहायचं. शेठच्या म्हाताऱ्या आईच्या, म्हणजे अम्मांच्या, पोटाला चाचांच्या हातची पेज तेवढी मानवायची, म्हणून चाचा बरोबर. हॉटेलवाल्यांशी आणि डॉक्टरांशी इंग्रजी बोलायला मी. गाडीत बसताना कॅम्पवरच्या पोरांनी विचारलं, "चाचा, खयं चाललाव?" चाचांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. "जेद्दाला असंल," ते म्हणाले. जेद्दा म्हणजे सौदीचंच दुसऱ्या टोकाचं शहर, लढाईपासून लांब.

ते गाव मी आयुष्यात विसरणार नाही. खाली दगडी कमानींची अरुंद गल्ली, घरांच्या भिंतींवर रंगवलेले संत, मधोमध जुना मनोरा. गावातून तारेवरच्या डब्यात बसायचं की वर पोचायचं. वर मोजकीच लाकडी हॉटेलं, सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे. ढग खालच्या दरीत अडकलेले आणि वर लख्ख ऊन. लोक घोंगड्या पांघरून आरामखुर्च्यांत पडलेले, तोंड आभाळाकडे, डोळे मिटलेले.

"हे आजारी हायत काय?" चाचांनी विचारलं.

"नाही हो. ऊन खातायत."

चाचांनी हात पुढे करून उन्हाचा अंदाज घेतला. "दिसायला झ्याक हाय. पण ह्यात बांगडा सुकायचा नाय." आणि त्या उन्हाचा विषय त्यांच्यापुरता तिथंच संपला.

शेठच्या मुलाचं जुनं नारिंगी जाकीट त्यांना मिळालं होतं. ते लेंग्यावर चढवून चाचा हॉटेलच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात पेज ढवळत. अम्मा जेवल्या, शेठ जेवले, पोरं जेवली, मी जेवलो. मग ते झाकण उचलत, आत बघत, पण विचारत काहीच नसत. झाकण ठेवून देत. पहिल्यांदा मला वाटलं, इथं विचारायला माणसंच नाहीत, म्हणून असेल.

युद्ध सुरू झाल्याचं आम्ही हॉटेलच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाहिलं. सकाळची वेळ होती. लोक पायात ते जड बूट चढवून, हातात काठ्या घेऊन उभ्या उभ्या बघत होते. पडद्यावर आमच्याच भागात उभा असलेला एक बातमीदार बोलता बोलता थांबला, सायरन वाजला आणि त्यानं तोंडावर विषारी वायूपासून वाचवणारा मास्क ओढला. चाचा एकदम म्हणाले, "ही आपल्या मागची टाकी." खरंच, मागे पाण्याची टाकी दिसत होती, कॅम्पच्या पलीकडची. मी शेजारच्या एका बाईंना इंग्रजीत सांगितलं की आम्ही इथंच राहतो. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही फार नशीबवान." आणि गेल्या घसरायला.

त्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की चाचा मला घेऊन खाली गावात जाऊ लागले. तारेवरच्या डब्यात डोळे गच्च मिटून, माझी बाही धरून. पोस्टात फोनची लाकडी खोकी होती. एक एक दिवस लाइनच लागायची नाही. लागली की कॅम्पच्या फोरमनच्या केबिनमधला फोन कोणीतरी उचलायचं आणि चाचा ओरडायचे, "जेवलाव काय रे?"

मी बाहेर उभा असे, पण पलीकडचा आवाज मलाही ऐकू यायचा. पोरं मजेत होती म्हणे. मास्क सगळ्यांना पुरले नव्हते, ज्यांना नाही ते ओला टॉवेल तोंडावर घेत. संध्याकाळ झाली की कोणी चूल पेटवायला धजत नव्हतं, सायरन झाला तर गॅस उघडा राहील म्हणून. खुब्जच्या रोट्या आणि डब्यातला राजमा, गार. "तुम्ही कुठं हाव चाचा? जेद्दाला ना?"

चाचांनी काचेतून समोर पाहिलं. समोर मनोरा, त्याच्यावर बर्फ, खाली दोन मुली आइस्क्रीम खात चाललेल्या.

"जेद्दालाच हाय," ते म्हणाले.

खोक्यातून बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत, सगळा रस्ता खालच्या गावाकडे बघत राहिले. मला म्हणावंसं वाटत होतं की चाचा, यात आपला काय दोष, नेलं तिकडे गेलो. पण हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा म्हणून दाखवलं होतं की ते पार झिजून गेलं होतं. कारण एव्हाना मीही दुपारच्या आरामखुर्चीवर जाऊ लागलो होतो. शेठच्या मुलानं एक जुना मोठा चष्मा दिला होता, डोळ्यांना पट्ट्यानं बांधायचा, तो लावून. ऊन फार छान होतं. काय सांगू?

पुढच्या आठवड्यात चाचा म्हणाले, "जावईबापू, शेठकडं माझ्यासाठी शब्द टाका. मला परत जायचंय."

"परत? तिकडे?"

"पोरं उपाशी हायत."

सगळं जग तिकडून बाहेर पडायला धडपडत होतं आणि हा माणूस आत जायची परवानगी मागत होता. शेठना हे सांगायचं कसं? मालक स्वतः इथं, मालकाची मुलं बर्फावर, आणि आचारी म्हणतो मी जातो. ते ऐकणं म्हणजे त्यांच्या तोंडावर आरसा धरणं. दोन दिवस मी शब्दांची जुळवाजुळव करत राहिलो. तिसऱ्या दिवशी चाचांनी मला दंडाला धरून शेठसमोर नेऊन उभं केलं.

शेठ गच्चीत एकटे बसले होते. मी घुटमळत घुटमळत सांगितलं. त्यांनी डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याला विचार, भीती नाही वाटत?"

मी विचारलं.

"वाटते की," चाचा म्हणाले. "सांगा त्यांना, मोप वाटते. पण पेज अम्मांसाठी तुम्हाला शिकवून जाईन. सोपी हाय."

मी सांगितलं. शेठनी हातातली जपमाळ एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेतली. त्यांचा चेहरा मी तेवढा जवळून कधी पाहिला नव्हता. तोही माझ्याच चेहऱ्यासारखा चोरटा दिसत होता. "खलास," ते हळूच म्हणाले, म्हणजे ठरलं. "जेद्दापर्यंत विमान मिळतंय का बघ. पुढं बस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र थांब. अम्मांना डॉक्टरकडे न्यायचं तर भाषा लागेल."

आणि मला हायसं वाटलं.

हे मी आजपर्यंत घरी कुणाला सांगितलेलं नाही. भाचे, पुतणे, नातवंडं जमली की युद्धाच्या गोष्टी मी रंगवून सांगतो, आणि आमची ही आतून म्हणते, "बर्फाचं पण सांगा." बर्फाचं सांगतो. पण 'तू मात्र थांब' हे शब्द ऐकून माझ्या छातीतून जो श्वास सुटला, तो गच्चीत सगळ्यांना ऐकू गेला असणार. चाचांना तर नक्कीच गेला, कारण ते लगेच म्हणाले, "हां, हेच बरं. जावयाला तिकडं घेऊन गेलो तर तुमच्या सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?"

त्यांनी माझ्यासाठी सबबसुद्धा तयार ठेवली होती. ती घेताना मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण घेतली.

जाण्याआधी त्यांनी मला पेज शिकवली. तांदूळ किती शिजू द्यायचा, मीठ कधी टाकायचं. माझ्या हातची पेज अम्मांनी तोंडात घेतली, माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि सगळी संपवली.

युद्ध संपल्यावर आम्ही परतलो. कुवेतच्या तेलविहिरींच्या धुरानं खोबरचं आभाळ काळपट झालं होतं, भर दुपारी दिवे लागत. पहिल्याच शुक्रवारी मी कॅम्पवर गेलो. मेस भरलेली. बंद खोल्यांत राहून सगळ्यांचे चेहरे फिकट पडले होते. मी आत शिरलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं तोंड करपून काळं झालं होतं आणि डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराचा पांढरा पट्टा उमटला होता.

एक वेल्डर उठून जवळ आला. दापोलीचा. त्यानं बोटानं तो पट्टा हळूच दाखवला. "मास्कचा वळ काय हो हा? लयच दिवस लावावा लागला वाटतं." त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला स्वतःला मास्क मिळाला नव्हता, हे मला फोनवरून माहीत होतं. "जेद्दाला पण दिले व्हते काय मास्क?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही सांगता येत नाही.

"दिले व्हते," आतून चाचा म्हणाले. हातात ओगराळं घेऊन ते बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "सरक, तेंना बसू दे."

वेल्डर सरकला. दोघा-तिघांनी अंग चोरून पंगतीत जागा केली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, युद्ध सोसून आलेल्या माणसाच्या पाठीवर मारतात तशी. चाचांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं आणि पुढच्याकडे वळले. मी मान खाली घालून जेवलो. सगळं संपवलं.

त्याच वर्षी चाचा सुट्टीवर गावी गेले आणि परत आले नाहीत, गुडघ्यांनी दगा दिला म्हणे. माझ्या चेहऱ्यावरचा पट्टा मे महिन्यापर्यंत टिकला. ऑफिसात, बाजारात, समुद्रकाठच्या कॉर्निशवर ओळखीचे लोक थांबून आपुलकीनं चौकशी करत, आणि मी त्यांना म्हणत असे, "आता उतरतोय."