सुमतीबाईंच्या तासाची कॅसेट

ठाण्याला वर्तकनगरातल्या एका शाळेत सुमती कर्णिक सतरा वर्षं गणित शिकवत होत्या. त्यांचा एक तास नावाजलेला होता: a अधिक b च्या वर्गाचा. फळ्यावर मोठा चौरस काढायचा, दोन रेघांनी त्याचे चार तुकडे करायचे. एक तुकडा पिवळा, एक हिरवा आणि उरलेले दोन सारखे आयत लाल. मग सूत्र त्या चित्रातूनच काढून दाखवायचं. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हा तास शेवटपर्यंत बसून पाहिला होता आणि चहा नंतर घेतला होता. शिक्षकांच्या खोलीत ही हकिकत तारखेसह सांगितली जाई.

१९९० पासून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या नऊ शाळांचे गणिताचे शिक्षक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमत. मुलं लक्ष देत नाहीत, यावर त्यांचं दर वेळी एकमत होई आणि बैठक संपे. सुमतीबाईंनी सुचवलं की नुसतं बोलण्यापेक्षा एखाद्याचा तास कॅसेटवर पाहू. डोंबिवलीचे भगवान सहस्रबुद्धे सर चष्मा पुसत म्हणाले, एखाद्याचा म्हणजे तुमचाच ना? बाई 'हो' म्हणाल्या आणि अडकल्या.

कॅमेरा होता बाळकुमच्या कुंडलिक कोळींकडे. ते लग्नं आणि हळदी शूट करत. त्यांची पुतणी मंजुळा आठवी 'ब'त होती. पौष चालू होता, म्हणून मुहूर्त नव्हते, म्हणून कॅमेरा मोकळा होता. जानेवारीतल्या एका मंगळवारी ते दोन हॅलोजन घेऊन वर्गात आले. दोन्ही एकदम लावल्यावर शाळेचा फ्यूज उडाला, मग एकावर भागवलं. बाईंनी पहिली रेघ ओढायला खडू टेकवला, तोच कुंडलिकनी त्यांना तसंच थांबून इकडे बघायला सांगितलं. हार घालताना नवरीला थांबवतात, तसं. अठ्ठेचाळीस मुलं बघत होती. बाई थांबल्या.

कॅसेट गुरुवारी हातात आली. बाईंनी भाड्याने व्हीसीआर आणला आणि नवऱ्याबरोबर, सुधीररावांबरोबर, पाहायला बसल्या. आधी सनई वाजली. मग झेंडूच्या चौकटीत 'गणिताचा तास' ही अक्षरं फिरत आली, दोन्ही बाजूंना कबुतरं. मिक्सिंग विठ्ठलवाडीच्या एका दोस्ताने केलं होतं आणि त्याच्याकडे चौकट एकच होती. सुधीररावांना हसून ठसका लागला.

बाई हसल्या नाहीत. छत्तीस मिनिटांच्या कॅसेटमध्ये फळा जेमतेम पाऊण मिनिट होता. बाकी सगळी मुलं. बाकामागून बाक, एकेका चेहऱ्यावर चार मोजेपर्यंत कॅमेरा. बाईंचा फक्त आवाज. मध्येच कॅमेरा खाली उतरून एखादी वही जवळून दाखवी, आणि पुढच्या चेहऱ्याकडे जाई. तेराव्या मिनिटापर्यंत बाई चिडलेल्या होत्या. बाविसाव्या मिनिटाला त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि सुधीररावांना म्हणाल्या, जरा गप्प बसा.

शुक्रवारी सकाळी कुंडलिकना शाळेत बोलावून घेतलं. फळा का नाही, असं बाईंनी विचारलं. कुंडलिकना प्रश्नच कळेना.

"बाय, लग्नात एक मानूस कॅसेटीत नाय दिसला, तरी घरी येऊन भांडतान. फला भिंतीवर हाय, तो कुठं पलनार नाय."

आणि वह्या? आहेराची भांडी ते एकेक जवळून घेत. मुलांसमोर वह्या होत्या, म्हणून वह्या घेतल्या. तरी बाईंचा चेहरा पाहून त्यांनी लगेच दुसरी कॅसेट चढवली आणि तिसऱ्या तासाला नुसत्या फळ्याचं शूटिंग केलं. तोच धडा दुसऱ्यांदा होता. मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तरं देत होती. तास अप्रतिम झाला.

शनिवारी नऊ शाळांचे सव्वीस शिक्षक जमले तेव्हा बाईंच्या पर्समध्ये दोन कॅसेट होत्या. दुसरी लावली असती तर सतरा वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. भगवान सर पहिल्या रांगेत चष्मा पुसून तयार बसले होते. बाईंनी पहिली लावली. पुढे कुणी कारण विचारलं, तर त्या सांगत, "दुसरी चांगली होती. पण तिच्यात मी एकटीच होते."

सनई आणि कबुतरांनी पहिली दोन मिनिटं गेली. कॅसेट थांबवून लोकांना हसून घेऊ द्यावं लागलं. मग बाविसावं मिनिट आलं. पडद्यावर मंजुळा. मागून बाईंचा आवाज, समजलं ना? वर्गाचा होकार, त्यात मंजुळाचं तोंड सर्वांत मोठं उघडलेलं. कॅमेरा खाली तिच्या वहीवर. वहीत a चा वर्ग अधिक b चा वर्ग, बस्स. मधले दोन लाल आयत गायब. शेजारच्या वहीत तेच. मागच्या बाकावर तेच. कॅमेऱ्याने सात वह्या दाखवल्या, त्यांतल्या पाच चुकलेल्या.

बाईंनी मशीन थांबवलं आणि शिक्षकांकडे वळल्या.

"या सूत्रावर माझं नाव आहे. सूत्र फळ्यावर आहे आणि वहीत नाही. माझं कुठे चुकलं ते तुम्ही शोधायचं. समजलं ना?"

सव्वीस शिक्षक एका सुरात म्हणाले, "हो."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं त्याला पहिलं हसणं काहीच नव्हतं. कल्याणच्या हेमा प्रधान बाकावरून घसरल्या. मुख्याध्यापक काय झालं ते बघायला आले आणि कारण न कळताच हसू लागले. आवरल्यावर हेमाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कॅसेट मागे नेऊन मोजलं. प्रश्न विचारल्यावर बाई एक सेकंदसुद्धा थांबत नव्हत्या. 'समजलं ना' अकरा वेळा, थांबणं शून्य. बैठक दुपारी दीडला संपायची, ती चारला संपली. मुलं लक्ष देत नाहीत, हे वाक्य त्या दिवशी राहूनच गेलं. भगवान सर सगळ्यांत शेवटी निघाले. आपल्या वर्गात असं काही असणं शक्य नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि मग कुंडलिकचा पत्ता लिहून घेतला. माघ लागायला आला होता, तेव्हा तारीख लवकर धरा, असं हेमाबाईंनी बजावलं. त्यांनी स्वतःची आधीच धरली होती.

सोमवारी सुमतीबाईंनी आठवी 'ब'त पुन्हा तोच चौरस काढला, एक प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजत उभ्या राहिल्या. तीनपर्यंत मुलांना वाटलं, बाई विसरल्या. पाचपर्यंत वाटलं, बाईंना बरं नाही. सहाव्या आकड्याला मंजुळा उठली.

"बाई, पिवळा झाला, हिरवा झाला. लालवाल्यांना मधे कशाला घ्यायचं?"

एवढा आनंद बाईंना त्या अधिकाऱ्यांच्या वेळीही झाला नव्हता. त्यांनी उत्तर दिलं नाही. शिपायाला पाठवून चित्रकलेच्या खोलीतून असतील तेवढ्या कात्र्या आणि घोटीव कागद मागवला, आणि सगळ्या वर्गाला चौरस कापायला लावलं. लाल तुकडे टाकून दिले तर चौरसाला भोकं पडतात, हे मंजुळानेच ओरडून सांगितलं. मग अठ्ठेचाळीस जण एकदम बोलू लागले. पुढचा तास इतिहासाचा होता. इतिहासाच्या बाई दहा मिनिटं दारात उभ्या राहिल्या, मग त्यांना आत घेऊन त्यांच्या हातातही एक कात्री देण्यात आली.