मढेवाल्या शेठची शोकसभा

फ्लेक्सवर सगळ्यात लहान फोटो त्यांचाच होता. वर दोन नेते, खाली व्यापारी संघटनेचे सात-आठ पदाधिकारी हात जोडून उभे, आणि ज्यांच्यासाठी सभा भरली होती ते शेठ कोपऱ्यात, गळ्यात छापील हार घालून. खाली लिहिलं होतं, ‘दानशूर उद्योजक, कोरोना योद्धा, आमचे आधारवड.’ मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहून मी ते वाचलं आणि माझी कानशिलं तापली. माघारीच फिरणार होते. पण त्यांच्या बायकोनं बोलावलं होतं, म्हणून आत गेले.

मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसते. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव काही फार मोठं नाही. इथं कोण आलं आणि कोण गेलं, ते माझ्या हातून कागदावर उतरतं. शेठची आणि माझी ओळख त्याच खिडकीतली. त्यांची दालमिल होती. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा माणूस. व्यापारी संघटनेचे अध्यक्ष म्हणून त्यांचा शब्द गावात चालायचा. चिखली-मलकापूरचे व्यापारीसुद्धा आपसातलं भांडण तोडायला त्यांना बोलवायचे. पण माझ्या खिडकीशी ते व्यापारी म्हणून येत नसत. हायवेवर कोणी गेलं, बसस्टँडवर एखादा भिकारी मेला आणि त्याचं कोणीच नसलं, की पोलिसांचा कागद घेऊन हे हजर. “ताई, एक पाहुणा हाय,” म्हणायचे. बेवारस प्रेताला ते पाहुणा म्हणत. लाकडं स्वतः रचायची, अग्नी स्वतः द्यायचा, आंघोळ करून पुन्हा मिलवर जायचं. वर्तमानपत्रात फोटो नाही, काही नाही.

मग कोरोना आला. पालिकेच्या शववाहिनीचा ड्रायव्हर चौथ्या दिवशी गाडीची चावी टेबलावर ठेवून निघून गेला. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरी लहान लेकरं होती. ती चावी शेठनी उचलली. साठी उलटलेला माणूस, साखरेच्या गोळ्या चालू, आणि दिवसभर ती गाडी चालवायचा.

एका दुपारी ते खिडकीशी आले. लोणारकडच्या एका खेड्यातली बाई कोविड सेंटरला वारली होती. नवरा दुसरीकडे ऑक्सिजनवर, भाऊ-दीर कोणी यायला तयार नव्हतं. शेठ जरा घुटमळले, मग म्हणाले, “ताई, बाईमाणूस हाय. बाईच्या हातानं झालं पाह्यजे, असं वाटते. येता का?”

घरी नवरा, दोन मुली. शिवाय एक वेगळीच शंका मनात आली, ती बोलूनही दाखवली. म्हटलं, “शेठ, मी बौद्ध घरातली. तुमचे विधी मला येत नाहीत. तिच्या घरच्यांना चालेल का?”

“घरचे आले असते तर त्याइलेच इचारलं असतं,” ते म्हणाले. “नाई जमत तर राहू द्या. मी करतोच हाव.”

त्यांनी जरा जरी आग्रह केला असता तर मी नाही म्हटलं असतं. केला नाही, म्हणून उठले.

स्मशानात ते पाठ फिरवून उभे राहिले. प्रेताची बॅग उघडायची नव्हती. घरून त्यांनी बायकोची एक कोरी हिरवी साडी आणि हळदकुंकवाची पुडी आणली होती. साडी कशी पसरायची, कुंकू कुठे लावायचं, ते पाठमोरे राहूनच सांगत होते आणि मी पीपीई किटच्या आत घामानं निथळत तसं तसं करत होते. कुंकू सांडलं. म्हटलं, चुकलं बहुतेक. ते म्हणाले, “चुकलं तरी चालते. कोणीतरी हात लावला, हे पुरे.”

त्यानंतर जी बाई यायची, तिच्यासाठी मी जायचे. पहिल्यांदा एक बौद्ध म्हातारी आली तेव्हा शेठनी माझ्याकडून त्रिशरण कागदावर लिहून घेतलं आणि चष्मा पुसत पुसत, मिलमध्ये हमालांना हाक मारायचा तो आवाज खाली आणून, अडखळत वाचलं. मी सोबत म्हणत होते. घरी मुलींपासून दूर, मागच्या खोलीत राहायचे. नवरा पहिले दोन दिवस बोलला नाही, मग दाराशी चहा ठेवायला लागला.

आता गावानं काय केलं ते सांगते.

शेठ राहत होते त्या कॉलनीच्या अध्यक्षांनी माझ्या टेबलावर अर्ज आणून दिला; तेव्हा पालिकेतले बाकी अर्जही मीच घ्यायचे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शुद्ध बोलणारे गृहस्थ. अर्जात होतं, सदर इसम रोज प्रेतं हाताळून कॉलनीत परत येतात, त्यामुळे रहिवाशांच्या जिवाला धोका आहे, त्यांना मज्जाव करावा. खाली सगळ्या कॉलनीच्या सह्या. पालिकेनं काही करण्याआधीच त्यांनी गेटला बांबू आडवे बांधले. शेठ वाद न घालता मिलच्या ऑफिसात राहायला गेले. डाळीची पोती बाजूला सारून बाकड्यावर झोपायचे. त्यांची बायको रोज डबा घेऊन मिलच्या फाटकाशी यायची आणि दहा पावलांवरून दोघं बोलायची.

पंधरा दिवसांनी त्या अध्यक्षांची आई कोविड सेंटरला वारली. सेंटरवाल्यांनी त्यांना फोन केला. म्हणाले, बीपी वाढलंय, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हटलंय. मुलगा पुण्याला. शेठनी गाडी काढली, मी गेले. म्हातारीचं सगळं नीट केलं. प्रेत ताब्यात घेणाऱ्याची सही लागते, तिथं शेठनी स्वतःची सही केली.

मी त्या दिवशी भडकले. म्हटलं, हे गावाला कळलंच पाहिजे; बांबू बांधणारा माणूस स्वतःच्या आईला अग्नी द्यायला आला नाही, हे मी ओरडून सांगणार. शेठ हात धुत होते. म्हणाले, “भेला तो, ताई. भेलेल्या माणसाचं नाव काढू नये. मले शब्द द्या.”

मी शब्द दिला. त्यांच्यावरही चिडूनच दिला. माफ करायचा हक्क यांना एकट्याला कोणी दिला, असं तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं.

साथ ओसरली. गाव पुन्हा उघडलं. आणि शेठचं नाव पडलं मढेवाला शेठ. मोंढ्यातल्या धान्यबाजारात लोक ते हसत म्हणायचे. त्यांच्या मिलची डाळ घेऊ नका, मढ्याच्या हाताची आहे, असं कोणीतरी सुरू केलं आणि किराणा दुकानदारांनी पोती घेणं कमी केलं. मग संघटनेची बैठक झाली. सगळ्यांच्या धंद्यावर परिणाम होतोय, तुम्ही काही दिवस बाजूला व्हा, असं सांगण्यात आलं. त्यांनी तिथंच राजीनामा लिहून दिला. काही दिवस म्हणाले होते, पण परत कोणी बोलावलं नाही. दोन वर्षांनी मिल बंद झाली. त्याला दुसरीही कारणं असतील, मला व्यापारातलं कळत नाही. पण बंद मिलच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले शेठ मी ऑफिसला येता-जाता पाहायचे. बेवारस प्रेत आलं तर तेव्हाही तेच जायचे.

यंदा एका सकाळी दाढी करायला बसले, ते उठले नाहीत. अंत्ययात्रेला एवढी गर्दी की मेन रोडवर गाड्या अडकल्या. ज्याची गाडी दिसली की लोक दार लावून घ्यायचे, त्याच्या तिरडीला खांदा द्यायला रांग. मी कडेला उभी राहून एकेक चेहरा पाहत होते.

आणि मग ही शोकसभा. संघटनेचे आताचे अध्यक्ष बोलले, नेते बोलून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. मग कॉलनीचे अध्यक्ष उठले. म्हणाले, त्या कठीण काळात आम्ही सारे कॉलनीवासी शेठजींच्या खांद्याला खांदा लावून उभे होतो. कॉलनीच्या प्रवेशद्वाराला त्यांचं नाव द्यावं, असा ठराव मांडतो. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मी बायकांच्या रांगेत पुढे गेले. शेठची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापाशी वाकून म्हटलं, “वहिनी, मी बोलू का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “ते असते तर बोलू देलं नसतं तुमाले,” ती म्हणाली. “पण ते नाईत. जा, बोला.”

यादीत माझं नाव नव्हतं. सूत्रसंचालक माईक देईना. मी हात पुढे करून उभीच राहिले, शेवटी दिला. मला भाषण येत नाही. मी म्हटलं, “शेठ दानशूर नव्हते. त्यांनी कोणाला दान दिलं नाही, स्वतःचे हात दिले. गेटला बांबू बांधले होते तेव्हा ते मिलमध्ये बाकड्यावर झोपत होते. अर्ज माझ्याच टेबलावर आला होता, सह्या मी वाचल्यात. मढ्याची डाळ म्हणणारे इथं बसलेत. राजीनामा मागणारे स्टेजवर आहेत. कोणी खांद्याला खांदा लावला नव्हता. खोटं बोलू नका, निदान आज तरी.”

कॉलनीच्या अध्यक्षांच्या आईबद्दल मी बोलले नाही. जिभेवर होतं. शब्द दिला होता म्हणून गिळलं, आणि ते गिळताना जेवढा त्रास झाला तेवढा बाकी सगळं बोलताना झाला नाही.

संघटनेच्या सचिवांनी माईक घेतला. ताई भावनेच्या भरात बोलल्या, म्हणाले, आणि दोन मिनिटं शांतता जाहीर करून टाकली. बाहेर पडताना कोणी माझ्याशी बोललं नाही. फक्त मिलचा एक जुना हमाल चपला घालता घालता म्हणाला, “बरं केलं बाई.”

प्रवेशद्वाराचा ठराव पालिकेत आला. वहिनींनी दोन ओळींचं पत्र दिलं, त्या गेटला माझ्या मालकांचं नाव देऊ नये. कारण लिहिलं नाही. फाईल तिथंच थांबली.

त्यानंतर आठवड्याभरानं कॉलनीचे अध्यक्ष माझ्या खिडकीशी आले. दाखला हवा असेल म्हणून मी फॉर्म पुढे केला. त्यांनी घेतला नाही. खिडकीचा गज धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “आईजवळ... तेव्हा कोणी बाई होती का?”

“मी होते,” मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले. सगळं नीट झालं का, तिला काही, असं अर्धवट काहीतरी विचारलं. नीट झालं, एवढंच मी सांगितलं. शेठ असते तर त्यांनी याला आत बोलावून खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं. मला ते जमलं नाही. मागे एक तरुण बाई तान्ह्या मुलीच्या जन्मदाखल्यासाठी उभी होती. मी तिला पुढे बोलावलं.